पक्ष्यांची हेल्पलाइन: पिल्लू न्यायला कोणी आलं नाही, तरी पाच स्टार

आधीच सांगते, ज्या हेल्पलाइनबद्दल लिहितेय तिथलं कोणीही, बुलबुलाचं पिल्लू पडलं त्या दिवशी, माझ्याकडे आलं नाही. पिल्लू घेऊन गेले नाहीत, माणूस पाठवला नाही, काही नाही. फोनवर बोलले, फोटो मागवले, ते सांगत गेले तसं मी करत गेले आणि पिल्लू परत आईबापांकडे गेलं. त्यासाठीच पाच स्टार. माझ्या ओळखीतल्या दोघीतिघींनी याच लोकांना नावं ठेवली आहेत, नुसते फोनवर सल्ले देतात, येत कोणी नाही म्हणून, आणि ते ऐकून मला राहवलं नाही म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसलेय.

दोन वर्षांत मी त्यांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा पिल्लू घरट्याबाहेर होतं आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं मिळालं. एकदा म्हणाले घरट्यात परत ठेवा, एकदा म्हणाले जिथून उचललं तिथेच नेऊन सोडा, आणि एकदा म्हणाले एक मिनिट वाया न घालवता इकडे घेऊन या. सगळ्यांना एकच ठरलेलं उत्तर देत नाहीत, पिल्लू बघून सांगतात, मला यांची हीच गोष्ट सगळ्यात जास्त पटली.

यावर्षीचं आधी सांगते. रात्रभर वारा सुटला होता. सकाळी खिडकीखालच्या झुडपातलं बुलबुलाचं घरटं एका बाजूने पार कलंडलेलं दिसलं, दोन पिल्लं कशीबशी आतल्या कडेला चिकटून बसलेली आणि तिसरं खाली मातीत. अंगावर पिसं अशी नाहीतच, नुसत्या पिसांच्या काळपट नळ्या फुटलेल्या, डोळ्यांच्या जागी जेमतेम उघडलेली फट, पोटाची कातडी इतकी पातळ की आतलं दिसत होतं. मुंग्या अगदी वीतभर अंतरावर आल्या होत्या. सासूबाई मागून म्हणाल्या, अगं हात नको लावूस, माणसाचा वास लागला की आई परत घेत नाही. मीही लहानपणापासून हेच ऐकलेलं, त्यामुळे हात पुढे केलेला मागे घेतला आणि फोन लावला.

पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा बिझी, तिसऱ्यांदा उचलला. आवाजावरून विशीतला मुलगा वाटत होता. मी एका दमात सगळं सांगायला लागले, वारा, घरटं, मुंग्या, तर तो म्हणाला, "ताई, आधी एवढंच सांगा, हाताला गार लागतंय का?" मी म्हटलं हातच लावला नाही अजून, आई परत घेणार नाही ना. तो म्हणाला, "घेते. उचला तुम्ही. मुंग्या असतील तर आधी त्या झटका."

उचललं. गार होतं, अगदी दगडासारखं नाही पण माझ्या तळहातापेक्षा गारच. हे सांगितल्यावर तो म्हणाला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरा, फोन स्पीकरवर टाका आणि तसंच धरून माझ्याशी बोला. मग त्याने समजावलं की पक्ष्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण 40 ते 42 अंश, त्यामुळे धडधाकट पिल्लू आपल्या हाताला गरमच लागायला हवं, आणि पिसं न फुटलेल्या पिल्लाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही, ती आईच्या पोटाखालून मिळते. गार पडलेल्या पिल्लाला खायला घातलं तर ते पचत नाही, तसंच पडून राहतं आणि पिल्लू त्यानेच मरतं. म्हणून आधी ऊब, बाकी सगळं नंतर. हे वाक्य त्याने तीन वेळा तरी म्हटलं असेल.

मी विचारलं पाणी देऊ का दोन थेंब. "नाही." एकदम ठाम. आणि इथे मला लिहायला जड जातंय पण लिहिते, कारण कोणाचं तरी पिल्लू वाचेल. काही वर्षांपूर्वी, ही हेल्पलाइन माहीत नव्हती तेव्हा, असंच एक चिमणीचं पिल्लू सापडलं होतं. मी पक्षी विकणाऱ्या एका दुकानात गेले, नाव लिहीत नाही, तिथल्या माणसाने पिल्लू बघितलंही नाही, सिरिंज आणि कसलीशी पावडर हातात दिली आणि म्हणाला पातळ करून तोंडात सोडा. मी सोडली. पिल्लाने दोनदा चोच उघडझाप केली, नाकातून फुगे आले आणि माझ्या हातातच मान टाकली. त्या वेळी मला वाटलं ते तसंही मरणारच होतं. या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं की पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड तिथेच असतं, जिभेच्या मुळाशी, चोच उघडली की समोर भोक दिसतं तेच ते, आणि वरून सोडलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. पिल्लांना पाणी असं वेगळं कोणी पाजत नाही, अळ्या-किड्यांमधून मिळतं तेवढं त्यांना पुरतं. दूध तर अजिबातच नाही, पक्षी सस्तन नाहीत, दुधातली साखर त्यांना पचत नाही. दुधात भिजवलेला ब्रेड देणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत, चांगल्या मनाने देतात, पण देऊ नका.

वीसेक मिनिटांत पिल्लू हातात गरम झालं, वळवळायला लागलं आणि मान वर करून चोच उघडली. आतून लालभडक तोंड आणि कडेने पिवळी पट्टी. त्याने त्याचाच फोटो मागितला होता, चोच उघडी असतानाचा, कारण तोंडाच्या आतला रंग आणि चोचीच्या कडा यावरून पिल्लू कोणाचं ते ओळखायला मदत होते. मागून एक फोटो, पोटाचा एक, पाय आणि पंख दिसतील असा एक. पंख दोन्ही सारखे हलतात का, कुठे रक्त आहे का, पिसांच्या मुळाशी तांदळाच्या बारीक दाण्यासारखं पांढरं काही चिकटलंय का तेही विचारलं. ती माशीची अंडी असतात आणि असली तर पिल्लू घरट्यात परत ठेवायचं नाही. नव्हती. सगळं बघून म्हणाला, "हे माझ्याकडे यायची गरज नाहीये, याचे आईबाप आमच्यापेक्षा चांगले आहेत."

खरं सांगते, त्या क्षणी मला राग आला होता. मला वाटलं टाळतोय. पण मग त्याने आकडा सांगितला. एवढ्या वयाच्या पिल्लाला दर पंधरा ते तीस मिनिटांनी खायला लागतं, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, रोज. बुलबुलाचे आईबाप दोघं मिळून हे करतात, आणि त्या पिल्लाला कुठला किडा केवढा हवा हे त्यांना कळतं. माणूस कितीही मनापासून करू दे, तिथे पोचत नाही. आणि वाढवलंच तरी पुढे त्याला मांजर काय, ससाणा काय, कुठे लपायचं, कुठे खायचं हे शिकवणार कोण?

मग टोपलीचा कार्यक्रम. कलंडलेलं घरटं तसंच सरळ करून बांधता येईल असं मला वाटत होतं पण त्याने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं की फांदी मोडलीये, रात्री परत पडेल. घरात एक छोटी प्लॅस्टिकची जाळीची टोपली होती, कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवायची. टोपली तळाला भोकं असलेलीच हवी, नाहीतर पाऊस आला की पिल्लं आत बुडतात, साध्या डब्याला भोकं पाडून घेतलीत तरी चालतं. फार खोल नको, आई काठावर बसून आत वाकू शकली पाहिजे. खाली सुकं गवत घातलं, ओलं हिरवं घालायचं नाही कारण ओलाव्याने पिल्लं गारठतात. त्यावर ते घरटंच अलगद उचलून बसवलं, पिल्लांसकट. मोकळ्या पसरट तळावर पिल्लं ठेवली तर पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच वाढले तर कायमचे अधू होतात हे मला माहीतच नव्हतं, म्हणून वाटीसारखा आकार लागतो, घरटं पूर्ण तुटलं असेल तर टिश्यू पेपरची चुंबळ करून तसा आकार द्यायचा. टोपली मूळ जागेपासून हातभर अंतरावर, सावलीत, तारेने घट्ट बांधली. तो म्हणाला, जागा थोडी हलली तरी चालते, पिल्लांचा आवाज आला की आईबाप शोधतात, पण झाड बदलू नका.

त्यानंतरचा भाग सगळ्यात अवघड, आत जाऊन खिडकीचा पडदा ओढून गप्प बसणं. आईबाप येत नाहीत याचं खरं कारण बऱ्याचदा आपणच असतो असं त्याने सांगितलं. आपल्या हाताच्या वासावरून ते पिल्लू टाकत नाहीत, पण आपण तिथे उभे राहिलो, पाच-पाच मिनिटांनी डोकावलो, मोबाइल घेऊन फोटो काढत बसलो तर जवळ यायला घाबरतात. दीड-दोन तास बघा, तोवर कोणी आलं नाही तर मला परत फोन करा, मग पुढचं ठरवू.

पहिला अर्धा तास काही नाही. एक बुलबुल समोरच्या तारेवर येऊन नुसता ओरडत होता. माझ्या मुलाला शाळेत पाठवायचं होतं, तो हलायला तयार नाही. सासूबाई देवासमोर बसल्या होत्या पण कान इकडेच. एक तास होऊन गेल्यावर एकजण झुडपात शिरला, बाहेर आला, परत शिरला, आणि मग टोपलीच्या काठावर. चोचीत हिरवी अळी. तिन्ही माना एकदम वर. मी रडले, खोटं कशाला सांगू.

मी लगेच फोनवरच्या मुलाला मेसेज केला की आली, भरवलं. त्याचं उत्तर काय यावं तर "जाताना चोचीत पांढरं काही नेलं का?" मी म्हटलं हो, नेलं काहीतरी, मला वाटलं घरट्यातला कचरा. ती पिल्लाची विष्ठा असते, वरून पातळ पापुद्रा असलेली पिशवीच बाहेर येते आणि आईबाप ती उचलून लांब नेऊन टाकतात म्हणजे घरटं स्वच्छ राहतं आणि वासावर कोणी येत नाही. त्याच्या दृष्टीने अळीपेक्षा ती पांढरी पिशवी मोठी बातमी होती, कारण त्याचा अर्थ पिल्लाचं पोट चालू झालंय. एवढ्या बारकाईने बघणारा माणूस फोनच्या पलीकडे असेल तर आणखी काय पाहिजे?

गेल्या वर्षीचा फोन मात्र वेगळा होता आणि तिथे चूक आमची होती. मुलगा आणि त्याचे मित्र खेळून येताना एक साळुंकीचं पिल्लू उचलून घेऊन आले, बुटांच्या खोक्यात घालून. पूर्ण पिसं, शेपूट मात्र आखूड, डोळे टकटकीत, उड्या मारत होतं पण उडता येत नव्हतं. आम्हाला सगळ्यांना वाटलं जखमी आहे. फोनवर त्या दिवशी एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, बोटावर बसवलं तर बोट पकडतं का? पकडत होतं, चांगलं घट्ट. म्हणाल्या, मग हे पडलेलं नाही, हे निघालेलं आहे.

हा फरक मला वाटतं शाळेत शिकवायला पाहिजे. पिल्लू दोन प्रकारचं सापडतं. एक उघडं किंवा नळ्या फुटलेलं, ज्याला नीट बसताही येत नाही, ते खरंच पडलेलं असतं आणि त्याला परत ठेवायलाच लागतं. दुसरं पिसं आलेलं, फुगलेलं, शेपूट तोकडी, जमिनीवर टणाटण उड्या मारणारं. ते घरटं सोडून स्वतः बाहेर आलेलं असतं, पंखात अजून ताकद नसते, आणि त्याचे आईबाप त्याला कित्येक दिवस खालीच, झुडपातच भरवत असतात. चिमणीचं पिल्लू साधारण दोन आठवड्यांत घरटं सोडतं तेव्हा त्याला धड उडता येत नसतं. आपण बघतो तेव्हा ते एकटं दिसतं कारण आईबाप किडे आणायला गेलेले असतात किंवा आपल्यालाच घाबरून बाजूच्या फांदीवर बसलेले असतात. आणि आपण त्याला "वाचवून" घरी आणतो. तिकडे आईबाप हाका मारत राहतात. मुलाला हे कळल्यावर त्याचा चेहरा एवढासा झाला, तर त्या बाई स्पीकरवरून त्याच्याशीच बोलल्या, "अरे बाळा, तू चांगल्यासाठीच केलंस, आता पटकन नेऊन सोड, अजून उशीर झाला नाहीये." मला त्यांचं हे फार आवडलं. अंधार पडायच्या आत जिथून उचललं होतं त्याच जागेच्या शेजारच्या दाट झुडपात सोडलं, दहा मिनिटांत दोन मोठ्या साळुंक्या खाली उतरल्या. शेजाऱ्यांना विनंती करून त्यांची मांजर चार-पाच दिवस घरात ठेवली, तेही त्यांनीच सुचवलं होतं.

आता तिसरा फोन. हा थोडक्यात सांगते, मला त्यावर फार लिहावंसं वाटत नाही. मांजराने तोंडात धरून आणलेलं पिल्लू. अंगावर जखम अशी दिसतच नव्हती, पिसं विस्कटलेली फक्त, आणि माझ्या मनात होतं की थोडा वेळ खोक्यात ठेवून सोडून देऊ. फोनवर "मांजर" हा शब्द ऐकल्याबरोबर पलीकडून सगळे प्रश्न थांबले. लगेच निघा म्हणाले. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, दात सुईसारखे बारीक, भोक पिसांखाली दिसतही नाही, आणि अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं नाही तर पक्षी एक-दोन दिवसांत जातो, वरून बरा दिसत असला तरी. मांजराने नुसतं तोंडात धरलं असेल तरी हाच नियम.

पोचले तेव्हा जागा बघायला मिळाली. मोठं काही नाही, दोन खोल्या. एका टेबलावर उबवणीच्या पेट्या, प्रत्येकीवर तापमान लिहिलेलं, उघड्या पिल्लांची पेटी सगळ्यात गरम, पिसं आलेल्यांची कमी. भिंतीवर एक घड्याळ दर वीस मिनिटांनी वाजतं. मी फॉर्म भरत होते, ते वाजलं, आणि माझ्याशी बोलणारी मुलगी वाक्य अर्धवट सोडून उठली, हात धुतले, चिमट्याने एकेका चोचीत भरवून, वहीत खूण करून परत येऊन बसली आणि त्याच वाक्यापासून पुढे सुरू. फॉर्म संपेपर्यंत हे दोनदा झालं. आत कोणी पिल्लांशी बोलत नाही, लाडाने हाका मारत नाही, मलाही आत सोडलं नाही. आधी मला ते कोरडं वाटलं. कारण विचारल्यावर सांगितलं की काही पक्ष्यांची पिल्लं लहानपणी जे समोर दिसतं त्यालाच आपलं मानतात, कोनराड लोरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रेलॅग गूज या जंगली हंसाच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं होतं, ती पिल्लं त्याच्याच मागे चालायची. सगळ्या पक्ष्यांमध्ये हे सारखं नसतं, पण माणसाची भीती गेलेलं पिल्लू सोडल्यावर कोणाच्याही जवळ जातं आणि जिवाला मुकतं. म्हणून शक्यतो एका जातीची पिल्लं एकत्र, आणि सोडायच्या आधी काही दिवस मोठ्या जाळीत.

ते पिल्लू दुसऱ्या रात्री गेलं. त्यांनी घेतानाच सांगितलं होतं की शक्यता कमी आहे, खोटी आशा दाखवली नव्हती. पण ते गेल्याचं मला मी स्वतः फोन केला तेव्हा कळलं, तोवर आम्ही दोन दिवस वाट बघत होतो, मुलगा रोज विचारत होता. हा माझा खरा तक्रारीचा मुद्दा. एक ओळीचा मेसेज पुरला असता. मी त्यांना हे बोलून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि माणसं कमी आहेत म्हणाले. कमी आहेतच, मी बघितलंय, तरीही.

बाकी तक्रारी: विणीच्या दिवसांत फोन लागणं कठीण, सकाळी तर फारच. रात्री उचलत नाहीत, रेकॉर्ड केलेला आवाज येतो. तो आवाज मात्र कामाचं बोलतो, खोक्याला भोकं पाडा, आत सुती कापड ठेवा, दोरे सुटलेला टॉवेल नको कारण नखं अडकतात, अर्ध्या भागाखाली गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून ठेवा म्हणजे जास्त झालं तर पिल्लू बाजूला सरकेल, झाकण लावून अंधारात शांत ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका, सकाळी फोन करा. तारेच्या पिंजऱ्यात ठेवू नका हेही आहे, पिसं तुटतात. रात्री घाबरलेल्या माणसाला एवढं पुरतं. आणि आणायचं आपणच, तसं आधी स्पष्ट सांगतात.

अजून एक, जात कुठली हे ते फार खोदून विचारतात, त्याचा कंटाळा करू नका. मलाही आधी वाटलं पक्षी तो पक्षी, पिल्लू ते पिल्लू. पण मग कळलं की कबुतराचं पिल्लू चोच वासून मागतच नाही, ते आपली चोच आईबापांच्या तोंडात घालतं आणि ते दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं घट्ट दुधासारखं काहीतरी त्याला देतात, त्यामुळे त्याला किडे भरवायला जाणं म्हणजे चूकच. पाकोळीचं पिल्लू घरट्यातून निघतं ते थेट हवेत, जमिनीवर त्याला आईबाप भरवत नाहीत, त्याचे पाय एवढे आखूड की धड उड्याही मारता येत नाहीत, म्हणजे पाकोळी खाली सापडली की तिला मदत लागतेच, झुडपात सोडून चालत नाही. घुबडाची पिल्लं उडता येण्याआधीच फांद्यांवर फिरायला लागतात, खाली पडली तर नखं आणि चोच वापरून खोडावर परत चढतातही, त्यांना नुसतं खालच्या फांदीवर ठेवलं तरी बऱ्याचदा भागतं, फक्त वरून आई झडप घालू शकते तेव्हा डोळे सांभाळायचे. आणि टिटवीचं पिल्लू तर पडलेलं नसतंच, तिचं घरटं मुळात जमिनीवर, पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही वेळातच चालायला लागतं आणि धोका दिसला की दगडासारखं निपचित पडून राहतं. लोक ते उचलून आणतात. फोनवरचा मुलगा म्हणाला टिटवीची पिल्लं दरवर्षी येतात आणि त्यातल्या बऱ्याच पिल्लांना काहीही झालेलं नसतं.

फोन करायच्या आधी म्हणून माझ्याकडून एवढंच: फोटो काढून ठेवा, नेमकं कुठे सापडलं ती जागा लक्षात ठेवा (हे फार महत्त्वाचं, परत न्यायचं झालं तर तिथेच न्यावं लागतं), मांजर-कुत्रं जवळपास होतं का ते आठवा, आणि हाताला गार आहे की गरम ते बघा. तेच पिल्लू परत परत पडत असेल तर तेही सांगा, कारण घरट्यात बारीक किडे झाले असतील किंवा ऊन थेट लागत असेल तरी पिल्लं काठावर येतात आणि खाली पडतात. पैसे मागत नाहीत, द्यायचे असतील तर घेतात. फोनवरची माणसं बदलतात, एखाद्याचा आवाज तुटक वाटतो, पण तिन्ही वेळा मिळालेली माहिती एकमेकांशी जुळणारी होती आणि कोणीही मला मूर्खात काढलं नाही.

बुलबुलांचं राहिलं. टोपलीत ठेवल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी बघते तर टोपली रिकामी. तिन्ही गायब. पोटात गोळा आला, मांजर, साप, काय काय डोक्यात आलं. मी फोनवरच्या त्या मुलाला मेसेज टाकला की गेली हो, काहीतरी घेऊन गेलं. त्याने फोनच केला. म्हणाला, "ताई, घरट्याकडे नका बघू आता. खाली बघा. आणि आवाज करू नका." पडद्याआडून बघितलं, पाच मिनिटं काही दिसेना, मग कुंडीच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंच एका काटकीवर, फुगलेलं, बिनशेपटीचं, डोक्यावर तुऱ्याच्या नावाने चार उभी पिसं. एक मोठा बुलबुल आला, काहीतरी चोचीत कोंबून गेला. दुसरं पिल्लू पलीकडच्या वेलीत होतं, तिसरं मला दिसलं नाही पण मोठा बुलबुल दर थोड्या वेळाने चोचीत किडा घेऊन भिंतीपलीकडे जात होता. त्यातलं खाली पडलेलं कुठलं ते मला ओळखता आलं नाही. मुलगा खिडकीत येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, आई, हे निघालेलं आहे ना, पडलेलं नाही ना? मी म्हटलं हो, निघालेलं आहे.